दौंडचा लेफ्ट बॅक

न्हावऱ्याच्या चौकात मोटरसायकल थांबवून मी मित्राला फोन लावला. दौंडला आल्यावर घर कसं सापडायचं, एवढंच विचारायचं होतं. "स्टेशनाजवळ आलास की कुणालाही विचार," तो म्हणाला. "फक्त फुटबॉल खेळायचा तो कुठं राहतो, असं विचारू नकोस. कुणी सांगणार नाही. पार्सल ऑफिसातला म्हणून विचार." फोनचा आवाज मोठा होता. मागं बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलानं सगळं ऐकलं आणि माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं. एका व्यावसायिक फुटबॉलपटूला भेटायला जायचंय, असं सांगून मी त्याला सकाळी घरातून काढलं होतं.

शिरूरहून दौंड तसं लांब नाही, पण सरळही नाही. न्हावऱ्यावरून खाली उतरायचं, पारगावला भीमा ओलांडायची, चौफुल्याला सोलापूर रस्ता धरायचा आणि पाटसवरून आत वळायचं. हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्यांमागं दीड तास गेला. त्या दीड तासात मी त्या मुलाला काय काय सांगायचं ते जुळवत होतो. मित्राविषयी सांगण्यासारखं माझ्याकडं खूप होतं, पण मुलाला प्रभावित करील असं त्यात फारसं काही सापडेना.

शिरूरला आमच्या लहानपणी फुटबॉल नव्हताच. कबड्डी होती, यात्रेतल्या कुस्त्या होत्या, बैलगाडे होते. खरं तर इंग्रजांची छावणी आमच्या घोडनदीच्या काठाला होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन पलटण घेऊन कोरेगावकडं निघाला तो इथूनच. पण छावणीनं आम्हाला फुटबॉल दिला, असं म्हणायची सोय नाही, कारण त्या खेळाचे नियम लंडनमध्ये लिहिले गेले तेच मुळी १८६३ साली. आम्हाला तो दिला लष्करातून निवृत्त होऊन शाळेत आलेल्या पी.टी.च्या सरांनी. ते खडकीहून एक चामडी चेंडू घेऊन आले. आतला ब्लॅडर पंक्चर झाला की सायकलच्या दुकानात नेऊन ठिगळ लावायचं, वरून वादी आवळायची. वादीची गाठ कपाळाला लागली की तिचा वळ दोन दिवस दिसायचा. मी ते वळ मिरवत हिंडायचो. अख्ख्या शाळेत चेंडू पायावर तीस-चाळीस वेळा उडवणारा मी एकटाच होतो.

दौंडची गोष्ट वेगळी. तिथं आगगाडी १८५८ मध्येच पोहोचली. वीस वर्षांनी मनमाडची लाइन झाली आणि गावाचं जंक्शन झालं. छावण्या उठतात, जंक्शन उठत नाही. रेल्वेमागून कॉलनी आली, इन्स्टिट्यूट आली, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं आली आणि त्यांच्याबरोबर हॉकी नि फुटबॉलही. पुढं राज्य राखीव पोलिसांचे गट आले. त्यांची मैदानं आली. शिवाय रेल्वेच्या पाळ्या अशा, की दिवसाच्या कुठल्याही वेळी गावात दहा-बारा धडधाकट माणसं रिकामी असायची. मैदान, माणसं आणि मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की खेळ आपोआप रुजतो, असं मला तीस वर्षं शाळेत खेळ शिकवल्यावर वाटतं. शिरूरला मैदान होतं, माणसं होती. पण शेतीतल्या माणसाला दुपारी चार वाजता मोकळा वेळ कुठला?

मित्राचे वडील लोको शेडमध्ये होते. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं तोंड दौंडला फिरायचं. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांची ती कटकट गेली. तेव्हा मात्र ते जोडाजोडीचं काम पाहत पोरं प्लॅटफॉर्मवर तास घालवायची. मित्र सांगतो, की त्याला इंजिनापेक्षा कपलिंग जोडणारा माणूस बघायला आवडायचं. दोन डब्यांच्या मधे उतरायचं, जोडायचं, बाहेर यायचं. रोज तेच काम, तसंच.

आमची ओळख जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत झाली. मी लेफ्ट आउट, तो लेफ्ट बॅक. जिल्ह्याच्या संघात मी पुढं, तो मागं. माझ्या पायात चेंडू येई तो बहुतेक वेळा त्यानं दिलेला असे. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं, चेंडू माझ्याकडं येतोच.

१९८६ मध्ये रेल्वेच्या ट्रायलला आम्ही दोघं गेलो. त्या दिवशी मी चांगला खेळलो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. दोघा-तिघांना चकवलं, एक गोल मारला, बाहेर उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रानं काय केलं ते मला आठवतसुद्धा नाही. संध्याकाळी यादीत त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. परतीच्या पॅसेंजरमध्ये तो गप्प बसला होता, जणू चूक त्याचीच झाली होती. हडपसर गेल्यावर त्यानं डब्यातली पोळी-भाजी काढून माझ्यापुढं धरली. मी खाल्ली नाही. ते आठवलं की अजूनही लाज वाटते.

निवडणारे चुकले, असं मी पुढं दहा-बारा वर्षं म्हणत राहिलो. मग बी.पी.एड. होऊन मास्तर झालो, मुलं निवडायची पाळी माझ्यावर आली, आणि एक दिवस मीच एका चेंडू नाचवणाऱ्या मुलाला वगळून एका साध्या मुलाला घेतलं. का घेतलं ते घरी जाऊन विचार केल्यावर उमगलं. नाचवणारा दहांतल्या तीन वेळा डोळ्यांचं पारणं फेडत होता. साधा मुलगा दहांतल्या नऊ वेळा चेंडू योग्य जागी देत होता. पोट भरायला जो खेळतो त्याच्याकडून दुसरी गोष्ट हवी असते. पहिली देवानं दिलेली असते, पण तिच्यावर संघ उभा राहत नाही; संघ उभा राहतो तो उरलेल्या सात वेळांवर. त्या दिवशी मी मित्राला पत्र लिहिलं. त्यात यातलं काहीच लिहिलं नाही. पाऊसपाणी विचारलं.

तो खलाशी म्हणून लागला. मग मुंबईत परळच्या बाजूला बिऱ्हाड, सकाळी सराव, दुपारी ड्यूटी, सामना असला की स्पेशल कॅज्युअल लीव्ह. बारा वर्षं तो हे करत होता. हारवुड लीगचे सामने कूपरेजला व्हायचे. भर दुपारची वेळ, स्टँडमध्ये निवृत्त लोक, जेवणाच्या सुट्टीत आलेले दोन-चार कारकून, एखादा झोपलेला माणूस. समोर बँकांचे, तेल कंपन्यांचे, विमान कंपन्यांचे संघ. मैदानावरचे बावीसच्या बावीस जण कुठंतरी नोकरीला असायचे आणि संध्याकाळी लोकलनं घरी जायचे. मफतलालसारख्या गिरण्यांचे संघ त्याच्या आधीच्या पिढीनं पाहिले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत तिथं त्यांचा फुटबॉल कुठला राहणार?

आता याला व्यावसायिक म्हणायचं की नाही? बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. तिथं त्यानं आयुष्यभर 'नोकरी' लिहिलं. पण त्याला पगार मिळत होता तो डावी बाजू राखण्याबद्दल, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या साहेबालाही. आपल्याकडं अशा माणसाला सरळ शब्द नाही. बंगालात आणि गोव्यात खेळाडू म्हणतात. कोल्हापुरात तर पेठेचा माणूसच त्याला ओळखतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना असला की जी गर्दी होते, ती पाहिल्यावर कोल्हापूरचा फुटबॉलपटू आणि आमच्या जिल्ह्याचा फुटबॉलपटू हे एकाच राज्यात राहतात यावर विश्वास बसत नाही. तिथला रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला तेव्हा गाव रस्त्यावर होतं. आमच्याकडं असा माणूस 'रेल्वेत होता' एवढाच उरतो.

मित्राची याबद्दल तक्रार नाही. त्याचा देव एकच, पी. के. बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार. पण मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन यांपैकी कुणाकडंही न जाता जवळजवळ उभी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, आणि १९५८ मध्ये त्या नोकरदारांच्या संघानं कलकत्ता लीग जिंकली. मित्राच्या ट्रंकेत त्यांचं कात्रण होतं. २०२० च्या मार्चमध्ये पी. के. गेले तेव्हा सगळं बंद होण्याच्या गडबडीत ती बातमी कुणाच्या लक्षात राहिली नाही. त्यानं मला फोन करून सांगितली, आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखी.

बॅकच्या कामाबद्दल तो फार कमी बोलतो, पण बोलला की ऐकावंसं वाटतं. समोरचा राइट आउट वेगवान असेल तर त्याच्या अंगावर जायचं नाही. त्याला बाहेरची वाट मोकळी ठेवायची, आतली बंद करायची. तो पळत पळत कडेला जातो, खूश असतो, आणि मग पुढं रेघच संपते. "रेघ आपल्या बाजूचा बारावा गडी असते," असं तो म्हणतो. मला यात गंमत वाटते ती अशी, की असं काम फत्ते झालं तर दिसायला काहीच घडलेलं नसतं. गोल करणाऱ्याचं काम दिसतं, गोलीचं दिसतं. बॅकनं शंभर सामने चोख खेळले तर शंभर वेळा एका बाजूनं काही झालं नाही, एवढीच नोंद. घरातल्या बायकांच्या कामासारखं आहे हे. झालं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं. वहिनी हे ऐकून म्हणाल्या, "मग यांना घरातलं काम का दिसत नाही भाऊजी?" त्याचं उत्तर आम्हा दोघांकडंही नव्हतं.

बारा वर्षांत त्यानं एकच गोल केला, तोही स्वतःवर. पेपरात त्याचं नाव आलं ते त्याच दिवशी. आडनाव चुकीचं छापलं होतं. "मुद्रितशोधकानं वाचवलं," तो म्हणतो.

गुडघा मात्र रेल्वेकडून खेळताना गेला नाही. त्या काळी तालुक्या-तालुक्यांत नॉकआउट स्पर्धा व्हायच्या आणि मुंबईचे खेळाडू तिथं दुसऱ्याच्या नावानं, रोख पैसे घेऊन खेळायला जायचे. भाड्यानं जाणं, असाच शब्द होता. मुलीच्या शाळेची फी भरायची होती म्हणून तोही गेला. गावाचं नाव मी सांगत नाही. खडे असलेलं मैदान, वळताना पाय अडकला आणि आत काहीतरी फाटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. ऑफिसात जिन्यावरून घसरलो असं सांगितलं. पुढच्या हंगामात यादीत नाव नव्हतं. बत्तीस-तेहतीसचं वय. त्यानं बदली मागून घेतली आणि दौंडला पार्सल ऑफिसात बसला. निवृत्तीपर्यंत तिथंच होता. मीच त्याला विचारलं होतं, एका स्पर्धेसाठी गुडघा घालवला याचं वाईट वाटतं का? म्हणाला, "फी भरली गेली की."

मोठा खेळाडू असता तर या अपघाताची शोकांतिका झाली असती. साध्या खेळाडूच्या आयुष्यात ती एक बदली होते, पुढं ग्रेड वाढते, पेन्शनीचा हिशेब सुरू होतो. मला वाटतं, त्या काळच्या व्यवस्थेनं या माणसांना नाव दिलं नाही, पण खेळ संपल्यावर बसायला खुर्ची दिली. त्यांतला अर्धा भाग विसरून चालणार नाही, आणि तो कोणता अर्धा हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मी त्या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला होतो. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे चांगलंच आहे. पण माझ्याकडं येणारे पालक मुलगा कुठल्या जागी खेळतो हे कधी विचारत नसत. सर्टिफिकेट कुठल्या पातळीचं मिळेल, हे विचारत. मी सह्या केल्या. शेकड्यांनी केल्या असतील. सर्टिफिकेटवर शिक्का पडला की मुलगा मैदानावर यायचा बंद होई, आणि मी त्याला कधी अडवलं नाही. माझं स्वतःचं पोट तरी खेळाच्या जोरावरच भरत होतं. मग कुणाला काय सांगणार?

मधे काही वर्षं वाटलं होतं, की आता पुण्यातच खरा धंदेवाईक फुटबॉल रुजेल. २००७ मध्ये पुणे एफसी निघाला, दोन वर्षांत आय-लीगमध्ये पोहोचला, २०१२-१३ ला दुसरा आला. मी एस.टी.नं मुलांना बालेवाडीला घेऊन जायचो; परतायला रात्रीचे अकरा वाजायचे आणि शिरूरच्या स्टँडवर पालक झोपाळलेल्या डोळ्यांनी उभे असायचे. मग एफसी पुणे सिटी आला, भारत एफसी आला, डीएसके शिवाजियन्स आला. एका शहरात चार क्लब! भारत एफसी एक हंगाम खेळला. शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन. पुणे एफसी त्याआधीच मिटला होता आणि २०१९ मध्ये पुणे सिटीही गेला. त्याची जागा हैदराबादला मिळाली. बारा वर्षांत मांडव उभा राहिला आणि उतरला. माझ्या मुलांच्या अंगात त्या क्लबांचे टी-शर्ट मात्र पुढं बरीच वर्षं होते. एकाचा तर मी शेतात बुजगावण्याच्या अंगात पाहिला.

या नव्या काळातला माझा आवडता खेळाडू राहुल भेके. तोही बॅक, उजव्या बाजूला खेळतो, मधे खेळतो, सांगाल तिथं उभा राहतो. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, आपला पुणे सिटी, मग बंगळुरू, मुंबई सिटी, पुन्हा बंगळुरू. भारताकडून पहिला सामना खेळला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडं मुलाला 'आता बास कर' म्हणतात. त्याआधी तीनच महिने, १७ मार्च २०१९ ला, मुंबईत इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेतल्या ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर त्यानं डोक्यानं गोल केला आणि बंगळुरूला चषक मिळाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या हवाई दलाच्या क्लबविरुद्धही त्याच्याच डोक्यानं मुंबई सिटीला जिंकून दिलं; आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. मित्राला मी हे सांगितलं तर म्हणाला, "कॉर्नरला बॅक वर गेला की माझा जीव खालीवर होतो. मागं कोण आहे?"

आणि एवढं करूनही या मुलांच्या पायाखालची जमीन किती घट्ट? २०२५ च्या जुलैमध्ये सुपर लीगचा पुढचा हंगामच थांबवला गेला. काही क्लबांनी पगार रोखले. देशाकडून खेळलेली माणसं लीग कधी सुरू होणार म्हणून विनंत्या करत होती. पैसा मित्राच्या काळापेक्षा कितीतरी पट आहे, पण तो करारापुरता. करार संपला की पार्सल ऑफिस नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं म्हणून मी त्या मुलाला दौंडला घेऊन चाललो होतो. त्याचे वडील मराठवाड्यातून रांजणगावच्या एमआयडीसीत आलेले, कंत्राटी कामगार. खोली एक, माणसं पाच. मुलगा मोबाइलवर बघून बघून चेंडूचे असे प्रकार करतो की मला माझं सोळावं वर्ष आठवतं, आणि म्हणूनच काळजी वाटते. पुण्यातल्या एका अकादमीची ट्रायल तोंडावर आली होती. मी त्याला जे सांगत होतो ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. बहुधा सांगणाऱ्याचाच पूर्ण विश्वास नव्हता.

मित्र दारात उभा होता. एक पाय किंचित वाकडा टाकून उभं राहायची सवय तशीच. तो पार्सल ऑफिसात आला तेव्हा दौंड सोलापूर विभागात होतं, २०२४ मध्ये ते पुणे विभागात गेलं. यावर त्यानं आम्हाला चहा होईपर्यंत सविस्तर माहिती दिली. मुलगा भिंतींकडं बघत होता. भिंतीवर ट्रॉफी नव्हती, फोटो नव्हता. एक कॅलेंडर आणि नातीची चित्रं होती.

"अकरावीला कुठली साइड घेणार?" त्यानं मुलाला विचारलं.

"कॉमर्स, काका."

"सोडायची नाही." एवढाच उपदेश.

मग आम्ही मैदानावर गेलो. मुलानं लगेच चेंडू उचलला, गुडघ्यावर, खांद्यावर, मानेवर खेळवला. फिरायला आलेली दोन माणसं थांबली. मित्र बघत राहिला. चेहऱ्यावर काही दिसेना. त्याचं झाल्यावर म्हणाला, "छान. आता तिकडं रेघेला उभा राहा." स्वतः वीस पावलांवर थांबला. गुडघ्यामुळं पायानं मारता येत नाही, म्हणून चेंडू हातानं टाकला. "डाव्यानं थांबव, डाव्यानंच परत दे. माझ्या पायाशी. मला हलायला लागलं तर मोजायचं नाही."

पहिले तीन चेंडू मोजले गेले नाहीत. मग एक, दोन, तीन. सात झाल्यावर चेंडू हातभर बाजूला गेला आणि मोजणी पुन्हा एकपासून. मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी मोटरसायकलच्या सीटवरचा धुरळा पुसत होतो. पंधराला त्याला कंटाळा आला, सतराला तो चुकला. पुन्हा एक. फिरायला आलेली माणसं केव्हाच निघून गेली होती. लांब यार्डात शंटिंग चालू होतं. डबे एकमेकांना लागल्याचे आवाज थांबून थांबून येत होते. उजेड कमी झाला तसा मुलाचा चेहरा दिसेनासा झाला, नुसता पाय दिसायचा. आणि तो आता घाई करत नव्हता.

वहिनींनी जेवायला थांबायचं सांगितलं होतं. न्हावऱ्यापर्यंतचा रस्ता रात्री ट्रॉल्यांमुळं अवघड, म्हणून मला लवकर निघायचं होतं. मी दोनदा हाक मारली. मित्रानं मान न वळवता हात वर केला, थांब म्हणून.

"एकवीस," तो म्हणाला, आणि वाकून चेंडू पुन्हा टाकला.